अरण्यातील नदीप्रवासाची पूर्वतयारी

आगगाडीने प्रवास करणाऱ्याला वाटेत चूक उमगली, तर पुढच्या स्थानकावर उतरण्याची सोय असते. अरण्यातून होडीने जाणाऱ्याला ती सोय नाही. नदी त्याला पुढेच नेते. आणि जे घरी विसरले, ते प्रवास संपेपर्यंत विसरलेलेच राहते. म्हणून अशा प्रवासाचा अर्धा भाग घरी, कागद-पेन्सिल घेऊन करावयाचा असतो. तो कसा करावा, हे एका नदीच्या उदाहरणाने आम्ही येथे सांगणार आहोत.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. त्याच्या उत्तरेकडील सूचिपर्णी अरण्यात ॲलागॅश ही नदी आहे. तलावामागून तलाव ओवीत ती उत्तरेला सेंट जॉन नदीला मिळते. १९६६ साली मेन राज्याने कायदा करून या तलावांचा व नदीचा ९२ मैलांचा, म्हणजे सुमारे १४८ किलोमीटरचा पट्टा राखून ठेवला. या मार्गाचे वाहन म्हणजे कनू. ही दोन्ही टोकांना निमुळती, उघडी, हलकी होडी. मूळ रहिवासी ती भूर्जाच्या सालीची करीत. आज ती प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची असते. हलकेपणा हा तिचा मुख्य गुण. कारण जेथे पाणी चालू देत नाही, तेथे माणसाला ती खांद्यावर घ्यावी लागते.

पहिला प्रश्न दिवसांचा. १४८ किलोमीटर आठ दिवसांत करावयाचे, तर रोज साडेअठरा किलोमीटर पडतात. हिशेब सोपा दिसतो. पण तो वाऱ्याला विचारून केलेला नाही. चेंबरलेन आणि ईगल हे तलाव मैलोगणती पसरलेले आहेत. दुपारी वारा उठला की त्यांवर अशा लाटा येतात की भरलेली कनू त्यांत टिकाव धरीत नाही. म्हणून जाणते लोक पहाटे निघतात, काठाकाठाने जातात, आणि वारा वाढला की किनाऱ्यावर स्वस्थ बसतात. या बसण्याचे दोन दिवस आधीच धरून ठेवावेत. ज्याच्यापाशी जादा दिवस नाही, तोच लाटांत होडी घालतो. अपघाताचे बी पुष्कळदा पंचांगात पेरलेले असते, ते असे.

दुसरा प्रश्न ऋतूचा. मे महिन्यात तलावांचे बर्फ वितळते. त्या वेळी पाणी भरपूर, पण इतके थंड की उलटलेल्या माणसाचे हातपाय थोड्याच वेळात निकामी होतात. मेच्या उत्तरार्धापासून जूनपर्यंत काळ्या चावऱ्या माश्या जीव नकोसा करतात. उन्हाळा सरत आला की नदी उथळ होऊ शकते. सप्टेंबरात कीटक कमी, पण रात्री गारठ्याच्या. निर्दोष महिना कोणताच नाही. आपल्याला कोणता दोष सोसेल, एवढेच ठरवावयाचे. तरंगते जाकीट मात्र सर्व ऋतूंत अंगात घातलेले असावे. होडीत ठेवलेले जाकीट नसल्यासारखेच.

तिसरा प्रश्न ओझ्याचा. माणशी रोज पाऊण किलो कोरडा शिधा धरला, तर चौघांना दहा दिवसांचा तीस किलो होतो. त्यात तंबू, अंथरूण, भांडी आणि खुद्द होडी. प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात ॲलागॅशचा सुमारे ४० फुटांचा धबधबा आहे. तेथे सर्व सामान जवळजवळ अर्धा किलोमीटर वाहून न्यावे लागते. एका खेपेत झाले तर अर्धा किलोमीटर; दोन खेपा झाल्या, तर मधले परतणे धरून दीड किलोमीटर. एक अनावश्यक पिशवी चालणे तिप्पट करते, हे घरीच ध्यानात घ्यावे. सामान जलरोधक पिशव्यांत भरून होडीला बांधावे, आणि काडेपेटी एक खिशात, एक सामानात अशी ठेवावी. नदीचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी उकळून प्यावे.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच बहुधा विसरला जातो. १८५७ च्या जुलैत हेन्री डेव्हिड थोरो या प्रदेशात गेला. सोबत एडवर्ड होर हा मित्र, आणि पेनॉबस्कॉट जमातीचा जाणता वाटाड्या जो पोलिस. चेंबरलेन तलावाकडे जाताना दोघे मित्र वाटाड्याची पाऊलवाट चुकून दलदलीत शिरले. पुढे वेबस्टर ओढ्यापाशी पोलिस होडी घेऊन पाण्यातून गेला, मित्र काठाने चालले, आणि होर दिसेनासा झाला. हाका मारून उत्तर मिळेना. थोरोने ती रात्र मित्राच्या काळजीत काढली; सकाळी तो सुखरूप सापडला. थोरो अरण्याला नवखा नव्हता, वाटाड्या तर त्या भूमीचाच पुत्र होता. तरीही हे घडले.

म्हणून चुकामूक झाल्यास काय करावयाचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. चुकलेल्याने आहे तेथेच थांबावे. प्रत्येकाच्या गळ्यात शिटी असावी, आणि तीन शिट्या ही संकटाची खूण. आपला मार्ग व परतण्याची तारीख घरच्यांपाशी लिहून द्यावी. तसेच उसळत्या पाण्यात उतरावे की होडी उचलून न्यावी, यावर मतभेद झाला, तर सर्वांत सावध माणसाचे ऐकावे, असा नियम करावा. चर्चिल धरणाखालील चेस रॅपिड्सपाशी हा प्रसंग हमखास येतो. तेथे उत्साही माणूस भित्र्याला हसतो, आणि भित्रा लाजेने होडीत बसतो. ती लाज घरीच काढून टाकली पाहिजे.

उपग्रहामार्फत निरोप धाडणारे लहान यंत्र आता मिळते. ते जरूर घ्यावे. पण ते मदत बोलावते, होडी सावरीत नाही. ते काम घरी केलेल्या विचाराचे आहे. तो नीट झाला असेल, तर नदीवर काळजी वाहण्याचे कारण उरत नाही. मग डोळे अरण्य पाहावयास मोकळे राहतात, आणि त्यासाठीच तर आपण निघालेलो असतो.