दोन बीप, मग गप्प

नवरात्र संपत आलं होतं. भाजणीचं पहिलं दळण गिरणीतून आलं आणि नेमका त्याच सकाळी लॅपटॉप बसला. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा घरघरायचा, पण स्क्रीन काळी ठिक्कर. आणि आतून बीप, बीप...

मैत्रिणींनो, डोंबिवलीच्या दोन खोल्यांतून गेली अकरा वर्षं मी दिवाळीचा फराळ विकते. ठाण्यापासून न्यू जर्सीपर्यंतची गिऱ्हाइकं, त्यांचे पत्ते, कुणाला चकली तिखट चालत नाही, कुणाचे पैसे यायचेत, सगळं त्या एका यंत्रात. दुसरी प्रत? नाही. (हसू नका, तुमच्यापैकी कितीजणींकडे आहे?)

स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला. तिथल्या मुलानं एकदा बटण दाबलं. "काकू, मदरबोर्ड गेला. साडेआठ हजार. डेटाची गॅरंटी नाही." झालं! तपासणीचे दीडशे देऊन लॅपटॉप तसाच घरी आणला. साडेआठ हजार म्हणजे माझं तूप आणि सुकामेवा.

कल्याणची माझी भाची याच कामात आहे. तिला फोन लावला.

"मावशी, किती वेळा वाजतोय?"

"सारखाच वाजतोय गं!"

"सारखा नसेल. कुकरच्या शिट्ट्या मोजतेस ना, तसं मोज."

मोजलं. दोन, मग गप्प. पुन्हा दोन.

तिनं मग समजावलं ते असं. बटण दाबलं की विंडोज सुरू होण्याआधी लॅपटॉप स्वतःचीच तपासणी करतो. प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, कीबोर्ड ठीक आहे का. अडचण असली आणि स्क्रीनवर लिहिण्याइतकीही सोय नसली, तर त्याच्याकडे उरतो तो आवाज. १९८१ सालच्या आयबीएमच्या पहिल्या पीसीतही हे होतं. एक छोटी बीप म्हणजे सगळं ठीक. पुढे प्रत्येक कंपनीनं आपापली खूण ठरवली, त्यामुळे शेजारणीच्या लॅपटॉपचा अर्थ आपल्याला लागू नाही. आपल्या मॉडेलची यादी बघायची. माझ्या मॉडेलला दोन म्हणजे रॅम सापडत नाही.

"आणि माझी यादी?" माझा जीव तिथेच अडकलेला.

"रॅम म्हणजे ओटा गं. काम चालू असेपर्यंत वस्तू तिथे. तुझी यादी फडताळात, हार्ड डिस्कवर. ओटा मोडला म्हणून फडताळातले डबे जातात का?" मदरबोर्ड खरंच गेला असता, तरी माझ्यासारख्या जुन्या लॅपटॉपची डिस्क बाहेर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचता येते, म्हणाली. दुकानातल्यानं हे एक वाक्य सांगितलं असतं तर!

रविवारी ती लोकलनं आली. चार्जर काढला, बॅटरी काढली, पेन ड्राइव्हही. बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, आत उरलेली वीज जावी म्हणून. परत जोडून पाहिलं, तरी दोन बीप. मग पुन्हा सगळं काढून मागचं झाकण उघडलं. आधी कपाटाच्या लोखंडी दाराला हात लावला, अंगातली स्थिर वीज रॅमला लागू नये म्हणून. दोन्ही बाजूंच्या क्लिपा सरकवल्या, तशा पट्ट्या टुणकन वर आल्या. एकूण दोन. सोनेरी कडेवर मळकट थर! पावसाळ्याची ओल, त्यात मी लॅपटॉप ठेवते कढईशेजारी. लेकाच्या कंपासमधला खोडरबर घेऊन हलक्या हातानं ती कड पुसली, चुरा ब्रशनं झटकला.

तरीही दोन बीप. माझे डोळे भरलेच.

"थांब," म्हणाली. एकच पट्टी बसवली, नीट टक् होईपर्यंत. बीप. ती काढून तिथेच दुसरी बसवली. आवाज नाही, आणि स्क्रीन उजळली! एक पट्टी मेली होती, एवढंच.

आता तो एकाच पट्टीवर चालतो, रांगत रांगत. आधी यादी दोन पेन ड्राइव्हवर घेतली, एक भाचीकडे कल्याणला गेला. लॅपटॉपची जागाही बदलली, आता तो देवघराच्या बाजूला. दुकानात दिलेले दीडशे गेले ते गेलेच. भाचीनं पैसे घेतले नाहीत, चकलीचा डबा मात्र मोठा बघून उचलला.