उनकेश्वरचे गरम झरे : एक अभ्याससहल

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी, उनकेश्वर येथे गरम पाण्याचे झरे आहेत. शरभंग ऋषींच्या आख्यायिकेमुळे हे स्थान भाविकांना परिचित आहे. नदीच्या वरच्या अंगाला पैनगंगा अभयारण्य आहे. लातूर-नांदेडच्या शाळांना भूशास्त्र आणि जीवशास्त्र या दोन्हींचा पाठ दोन दिवसांत तेथे घेता येईल.

मात्र निघण्यापूर्वी एका प्रश्नाचा विचार वर्गातच व्हायला हवा. खाली ज्वालामुखी आहे म्हणून पाणी गरम आहे का? ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि २०२४ मध्ये हिंगोली-नांदेडला बसलेले धक्के अनुभवलेल्या आपल्या भागात हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही, त्यामागे भीतीही आहे.

अमेरिकेतील यलोस्टोन या १८७२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाशी तुलना करून पाहू. तेथे पाचशेहून अधिक उष्ण कारंजी आहेत. काही किलोमीटर खाली तप्त शिलारस आहे. अरुंद भेगांतील खोलवरच्या पाण्यावर वरच्या पाण्याचा दाब असतो. प्रेशर कुकरप्रमाणेच दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही. दहा मीटर खोलीवर त्याला सुमारे १२० अंश तापमान लागते. ते तापले, वरचे थोडे पाणी बाहेर सांडले, की दाब उतरतो. उरलेल्या पाण्याची एकाएकी वाफ होते आणि कारंजे उडते.

यलोस्टोनमध्ये सुमारे ७० हजार वर्षांपूर्वीपर्यंत लाव्हा वाहत होता. आपला काळा पाषाण मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. ती उष्णता केव्हाच निवून गेली.

मग उनकेश्वरचे पाणी कशाने तापते? जमिनीत दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. विद्यार्थ्यांनी झऱ्याचे तापमान मोजावे. समजा, ते ४२ अंश भरले. जमिनीलगतचे सरासरी तापमान २७ अंश धरले, तर वाढ १५ अंशांची. म्हणजे पाणी निदान अर्धा किलोमीटर खाली जाऊन आले. वर येताना ते थोडे निवते, थंड पाण्यातही मिसळते. म्हणून खरी खोली याहून जास्तच असणार. यासाठी ज्वालामुखीची गरज पडत नाही. किल्लारीचा भूकंपही ज्वालामुखीमुळे झाला नव्हता. भूकवचात साठलेला ताण सुटल्यामुळे तो झाला.

सहल हिवाळ्यात काढावी. पहिल्या दिवशी नांदेडहून भोकर, हिमायतनगरमार्गे किनवटला जावे, दुपारी उनकेश्वरला तापमानाच्या नोंदी कराव्यात आणि किनवटला मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी पहाटे अभयारण्य गाठावे. वनविभागाची परवानगी आधीच घ्यावी. सागवानाच्या या जंगलात नीलगाय, चितळ, अस्वल यांचा वावर आहे. प्राणी दिसला नाही तरी पाऊलखुणा, विष्ठा, झाडांवरील ओरखडे यांची नोंद करता येते. परतताना इस्लापूरजवळ सहस्रकुंडला नदीने कोरलेला खडक पाहावा.

सोबत प्रयोगशाळेतील तापमापक, घड्याळ आणि वही पुरेशी आहे. मोजमाप व गणित मुलांनाच करू द्यावे. स्वतः काढलेले उत्तर ती घरी जाऊन सांगतील; अफवेला त्याहून चांगले उत्तर दुसरे नाही.