डोळ्यातील सुजेवर बायोलॉजिक इंजेक्शन : घ्यायचं की नाही?

डोळा लाल, उजेड सहन होत नाही, नजरेसमोर काळे ठिपके तरंगतात. मेडिकलमधून आणलेल्या थेंबांनी फरक पडत नाही. दरवेळी हे 'डोळे येणं' नसतं. डोळ्याच्या मधल्या थराला सूज आली तर त्याला युव्हिआयटिस म्हणतात. वेळीच आवरली नाही तर नजर कायमची जाऊ शकते.

पहिला उपाय स्टेरॉईडचा. गुण लवकर येतो, पण महिनोन्‌महिने घेतल्यास मोतीबिंदू, काचबिंदू, वाढलेली साखर आणि ठिसूळ हाडं मागे लागतात. म्हणून पुढे मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या देतात. तेवढ्यानेही भागलं नाही, की बायोलॉजिकचा विषय निघतो.

त्यातलं मुख्य औषध अॅडालिमुमॅब. सूज पेटवणाऱ्या 'टीएनएफ' या प्रथिनाला ते अडवतं. इंजेक्शन साधारण दर दोन आठवड्यांनी त्वचेखाली घ्यायचं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत स्टेरॉईड कमी करत नेल्यावर उपचार निकामी ठरायला नुसत्या स्टेरॉईडवरच्या रुग्णांत सुमारे 13 आठवडे लागले, हे इंजेक्शन घेणाऱ्यांत 24. म्हणजे फायदा खरा आहे, पण हमी नाही.

आता धोका. टीएनएफ शरीरातल्या क्षयाच्या जंतूंनाही दाबून ठेवतो. त्याला अडवलं की झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. आपल्याकडे तर डोळ्याची सूजच कधी कधी टीबीमुळे असते! त्यामुळे छातीचा एक्स-रे, टीबीची त्वचेची किंवा रक्ताची चाचणी, शिवाय हिपॅटायटिस बी तपासल्याशिवाय पहिलं इंजेक्शन घेऊ नका. सुप्त टीबी निघाला तर आधी त्याच्या गोळ्या सुरू होतात. मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा हृदय कमजोर असल्याचं निदान झालं असेल तर तेही सांगा.

खर्च मोठा आहे. भारतात बनलेली बायोसिमिलर त्यामानाने स्वस्त पडतात. घर एका राज्यात, दवाखाना दुसऱ्यात असेल तर आपल्या कार्डावर हे औषध बसतं का, ते आधीच विचारा. इंजेक्शन 2 ते 8 अंश तापमानात ठेवावं लागतं. एसटीने आणायचं तर बर्फाची पेटी हवीच.

ताप, रेंगाळणारा खोकला किंवा वजन घटणं दिसलं तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आणि डोळा बरा वाटतोय म्हणून औषध मनाने बंद करू नका. इंजेक्शनचे बरेच धोके तपासणीत वेळीच सापडतात. गेलेली नजर मात्र बहुतेकदा परत येत नाही.