वाटीतला हाडाचा चुरा

बाई पासष्टीच्या. मंडईला जाताना वाटेत दोनदा कुठेतरी टेकायचं, पुढे वाकलं की पायातली कळ ओसरायची. लोक सरसकट ‘गादी सरकली’ म्हणतात. यांचा मात्र खुद्द मणकाच सरकला होता, कंबरेचा चौथा पाचव्यावरून पुढे. मेयर्डिंग यांनी 1932 मध्ये घालून दिलेल्या मोजणीत पहिली श्रेणी, म्हणजे खालच्या मणक्याच्या रुंदीच्या पाव भागाच्या आत. महिनोन्‌महिने व्यायाम करून, गोळ्या घेऊनही चालणं कमीच होत गेलं. शेवटी ऑपरेशन ठरलं.

बाईंच्या परवानगीने मी ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यात, अंगावर शिशाचा एप्रन चढवून उभा होतो. त्यांना पालथं झोपवलं, पोट अधांतरी. पोटावर दाब आला की मणक्यातल्या शिरा फुगतात आणि रक्त जास्त जातं. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहतो तो मणका नुसत्या झोपण्यानेच थोडा मागे आलेला!

मणक्यात एकेका स्क्रूसाठी भोक पाडलं की सर्जन बोथट टोकाची बारीक सळई आत घालून चारही भिंती चाचपत. भिंत फुटली तर पलीकडे नस. चार स्क्रू बसायला वेळ लागला, पण खरा वेळ गेला तो नसेवरचं हाड आणि जाड झालेला पिवळा पडदा कणाकणाने खुडण्यात. शेवटी नसांच्या जुडग्यावरचं पांढुरकं आवरण मोकळं झालं आणि ठोके घेताना दिसू लागलं.

खुडलेलं हाड सिस्टर वाटीत जमा करत होत्या. मांस खरवडून त्याचा चुरा केला, दोन मणक्यांमधली गादी काढून ती जागा त्याने भरली आणि वर आधाराचा पिंजरा बसवला. स्क्रू आणि त्यांना जोडणाऱ्या सळ्या हाड जुळेपर्यंत फक्त धरून ठेवतात; दोन मणके जोडतं ते हे हाड, तेही काही महिन्यांनी.

प्रत्येकाला हे जोडकाम लागतंच असं नाही. स्वीडनमधल्या 2016 च्या आणि नॉर्वेतल्या 2021 च्या चाचण्यांत अनेकांना नुसती नस मोकळी करणं पुरलं. बाईंचा मणका मात्र वाकताना-ताठताना एक्स-रेत ठळक हलत होता, म्हणून सर्जननी जोडायचं ठरवलं. मला ते पटलं. नुसत्या फोटोतल्या सरकण्यावर स्क्रू मारणं पटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून दारापर्यंत जाताना बाईंनी विचारलं, “डॉक्टर, हे स्क्रू काढायचे कधी?”

“त्रास दिला नाही तर कधीच नाही.”

“मग राहू देत,” म्हणाल्या आणि वळल्या.