खिडकीतली धूळ आणि रक्तातलं शिसं

लेकीच्या पहिल्या वाढदिवसानंतर काही दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. रक्तात शिसं सापडलंय, आकडा ८. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात हातावरची धूळही मिसळू शकते, म्हणून शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासू, असं नर्सने सांगितलं. पुन्हा तपासलं. ७.

न्यूयॉर्क राज्यात ही तपासणी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी करणं डॉक्टरांना कायद्याने बंधनकारक आहे. आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतो. तो ५ किंवा त्याहून जास्त आला की काउंटीच्या आरोग्य खात्याची माणसं घरी येतात. आमच्याकडेही आली.

आलेल्या बाई आधी स्वयंपाकघरात शिरल्या. हळद कुठून आणता? काजळ लावता का? देवघरातलं कुंकू बघू? पितळेच्या पातेल्याला कल्हई कुठे केली? मला जरा रागच आला. भारतीय म्हटलं की संशय मसाल्याच्या डब्यावर! पण त्यांनी तितक्याच शांतपणे ड्रिलसारखं दिसणारं क्ष-किरणांचं यंत्र काढलं आणि भिंती, दारं, चौकटींना टेकवत निघाल्या. रंगाचे थर न खरवडता खाली शिसं किती आहे, ते हे यंत्र सांगतं. हॉलमधल्या खिडक्यांपाशी आकडे चढले.

आमचं रॉचेस्टरमधलं घर १९२०च्या दशकातलं आहे. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली १९७८ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या घरांत जुने थर अजून आहेत. वर-खाली सरकणाऱ्या जुन्या खिडकीत रंगावर रंग घासतो, त्याची पिठासारखी धूळ होते आणि खालच्या खाचेत साठते. रांगणारं मूल तिथे हात टेकवतं आणि हात तोंडात घालतं. रंगाचा पोपडा खायची गरजच नाही. गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट हिस्सा लहान मूल शोषून घेऊ शकतं, कारण वाढणारं शरीर कॅल्शियमच्या शोधात असतं आणि शिसं कॅल्शियमचं सोंग घेऊन आत शिरतं.

भर आम्हीच घातली होती. लेक रांगायला लागली त्याच उन्हाळ्यात आम्ही यूट्यूब बघून त्या खिडक्या सँडपेपरने घासल्या. पैसे घेऊन काम करणाऱ्या कंत्राटदाराला अशा जुन्या घरात प्रशिक्षण घेऊन, धूळ अडवूनच काम करावं लागतं. २०१० पासून तसा नियम आहे. स्वतःचं घर स्वतः घासणाऱ्याला तो लागू नाही. घर घेताना शिशाबद्दलची माहितीपुस्तिकाही मिळाली होती. पोचपावतीवर सही केली, पुस्तिका कुठे गेली देव जाणे.

हा धोका नवा नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनी व्हरांड्याच्या कठड्यांच्या रंगाकडे १९०४ मध्येच बोट दाखवलं होतं. तरी अमेरिकेत पुढची कित्येक दशकं पद्धत उलटीच राहिली: आधी मुलाच्या रक्तात शिसं सापडायचं, मग घर तपासायचं. म्हणजे घराच्या परीक्षेला मूलच बसवायचं. त्यातही 'काळजी करावी' असा आकडा १९६०च्या दशकात ६० होता. तो ४०, ३०, २५, १० असा उतरत २०२१ मध्ये ३.५ वर आला. आपली लेक त्या काळात जन्मली असती तर 'अगदी ठणठणीत' म्हणून घरी पाठवली असती, हा विचार मनातून जात नाही.

मग औषध का नाही देत, हा आमचा पहिला प्रश्न. शिसं बाहेर काढणारी औषधं आहेत, पण ती आकडा ४५ च्या पुढे गेल्यावर देतात. २० ते ४४ आकडा असलेल्या ७८० मुलांवर अमेरिकेत त्यांची रीतसर चाचणी झाली, निष्कर्ष २००१ मध्ये आले. रक्तातलं शिसं उतरलं, पण बुद्धीच्या चाचण्यांत औषध घेतलेली मुलं इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत. मेंदूचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं.

म्हणून आमच्या गावाने केलेली गोष्ट मला मोठी वाटते. इथल्या १७ नंबरच्या शाळेचे मुख्याध्यापक राल्फ स्पेझिओ यांनी साधारण २००० च्या सुमारास नोंदी पडताळून पाहिल्या. त्यांच्या सुमारे ४१ टक्के मुलांच्या रक्तात कधी ना कधी जास्त शिसं आढळलं होतं. शिक्षक, डॉक्टर, पालक एकत्र आले, आणि डिसेंबर २००५ मध्ये शहराने कायदा केला, जो जुलै २००६ पासून लागू झाला. भाड्याच्या जुन्या घरांची तपासणी ठराविक काळाने होणारच, मूल आजारी असो वा नसो. जास्त धोक्याच्या वस्त्यांत नुसती नजर टाकून भागत नाही, फरशी आणि खिडकी ओल्या कापडाने पुसून ती धूळ प्रयोगशाळेत जाते. त्यात नापास झालं तर मालकाने दुरुस्ती करायची. यानंतर इथल्या मुलांमधलं प्रमाण झपाट्याने उतरलं. कायदा भाड्याच्या घरांपुरता आहे, आमच्यासारखे मालक त्यातून निसटतात.

आणि तो मसाल्याचा डबा? बाईंचं चुकलं नव्हतं. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, आणि स्वस्त कुंकवातही ते सापडतं. हळकुंडांना पिवळी झळाळी आणायला लेड क्रोमेट चोळण्याचा प्रकार बांगलादेशात सर्रास होता. २०१९ मध्ये तिथे संशोधक आणि अन्नसुरक्षा खात्याने मिळून मोहीम काढली, बाजारात छापे पडले, दंड झाले. बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांत शिसं सापडण्याचं प्रमाण २०१९ मधल्या ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आलं. एकेका आईला हळद पारखायला शिकवून हे झालं नसतं.

आमच्या हळदीत काही निघालं नाही. कुंकवाची एक डबी मात्र बाई घेऊन गेल्या, आणि तिचा अहवाल चांगला आला नाही.

खिडक्या बदलल्या, प्रशिक्षित कंत्राटदाराकडून. तोवर खाचा रोज ओल्या फडक्याने पुसल्या. झाडूने धूळ नुसती उडते. लोह आणि कॅल्शियम पोटात पुरेसं असेल तर शिसं कमी शोषलं जातं, म्हणून डॉक्टरांनी आहार विचारला. नाचणीचं सत्त्व कसं करतात ते मी त्यांना सविस्तर सांगितलं, त्यांनी ते लिहूनही घेतलं. दुसऱ्या वर्षीचा आकडा ३ आला. हाडांत शिरलेलं शिसं वर्षानुवर्षं हळूहळू रक्तात येत राहतं, तेव्हा पुढच्या वर्षी पुन्हा तपासायचं ठरलंय.