आधी काम पाहा, मग मोबाइल घ्या

आमच्या बचत गटातली एक मैत्रीण काही वर्षांपासून प्लॉट-फ्लॅट दाखवण्याचं काम करते. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर या भागात तिची स्कूटी सतत फिरत असते. काम वाढलं तशी तिनं हौसेनं मोठा लॅपटॉप घेतला, तोही हप्त्यांवर. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, बिझनेसला हाच लागतो." सहा महिन्यांनी मी विचारलं तर म्हणते, "काय सांगू वहिनी, तो कपाटात साड्यांखाली पडून राह्यला. हप्ते मात्र सुरूच आहेत."

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. एका निवृत्त शिक्षिकेला तिनं प्लॉट दाखवला. मालक म्हणाला, "कागद एकदम क्लियर आहेत." इसार द्यायचा दिवस ठरला. आदल्या रात्री हिला काय वाटलं कोण जाणे, मोबाइलवर सातबारा उघडून बसली. जुन्या फोनच्या छोट्या पडद्यावर अक्षरं मोठी करकरून वाचता वाचता 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा दिसला! सकाळी तिनं बाईंना फोन करून इसार थांबवला. बाईंची आयुष्यभराची पुंजी वाचली, हिचीही अब्रू वाचली.

म्हणून मैत्रिणींनो, या धंद्यात नव्यानं उतरलेल्या बायका मला विचारतात, "कोणता मोबाइल घेऊ? कॉम्प्युटर लागेलच का?" तेव्हा मी उलट विचारते, "दिवसभरात तू काय काय करतेस, ते आधी कागदावर लिही." फोन करणं, लोकेशन पाठवणं, फोटो-व्हिडिओ काढणं, कागद पाहणं, हिशेब ठेवणं. यातलं बहुतेक काम उन्हात, रस्त्यावर होतं. म्हणून पहिला पैसा चांगल्या मोबाइलवर, कॉम्प्युटर नंतर.

मोबाइल घेताना

सीताबर्डीच्या दुकानात गेलात की मॉडेलचं नाव ऐकून भुलू नका. फोन हातात घ्या आणि दुकानाबाहेर उन्हात येऊन पाहा. पडद्यावरचं वाचता येतं का? आत ट्यूबलाइटखाली सगळेच फोन सुंदर दिसतात. आपलं काम जामठ्याच्या माळावर असतं, हे विसरू नका.

साठवण निदान २५६ जीबी असावी. प्लॉटचे व्हिडिओ आणि ग्राहकांचे कागद यांनी छोटा फोन दोन महिन्यांत भरतो. रॅम ८ जीबी, बॅटरी ५००० एमएएच आणि दोन सिमची सोय पाहा. एक नंबर घरचा, एक धंद्याचा. म्हणजे रात्री दहा वाजता ग्राहकाचा फोन आला तर उचलायचा की नाही, हे आपल्या हाती राहतं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे का, हेही विचारून घ्या.

आपला उन्हाळा तर ठाऊकच आहे. पारा ४५ च्या घरात जातो. अशा वेळी फोन स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. तापलेला फोन चार्जिंगलाही लावू नये, आधी सावलीत थंड होऊ द्यावा.

ग्राहकांना 'पूर्वमुखी आहे का?' हे हमखास विचारायचं असतं. फोनमधलं होकायंत्र गाडीजवळ किंवा लोखंडी फाटकाजवळ चुकीची दिशा दाखवतं. चार पावलं दूर जाऊन पाहा. आणि लांबी-रुंदी मात्र टेपनेच मोजा. ॲपच्या मापावर व्यवहार करू नये.

व्हॉट्सॲप बिझनेस हे फुकट ॲप आपल्याला फार उपयोगी आहे. त्यात प्लॉटचे फोटो नीट मांडता येतात, ग्राहकांना 'नवीन', 'साईट दाखवली', 'इसार झाला' अशी लेबलं लावता येतात. व्हिडिओ काढताना नुसता प्लॉट काढू नका. मोठ्या रस्त्यापासून आत यायची वाट, नाली, विजेचा खांब सगळं दाखवा. ग्राहकाचा हेलपाटा वाचतो, तुमचं पेट्रोलही.

कॉम्प्युटर कधी घ्यावा?

महिन्याला चार-पाच व्यवहार अंगावर असले, करारनामे वाचायचे असले, तर घ्या. घरीच बसून काम असेल तर डेस्कटॉप स्वस्त पडतो. सोबत न्यायचा असेल तर १४ इंची, हलका, एसएसडी असलेला लॅपटॉप पुरे. सेकंडहँड घेणार असाल तर एक सांभाळा. विंडोज १० ला सुरक्षेचे नियमित मोफत अपडेट देणं कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलं, आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही. घेण्याआधी तेवढं विचाराच.

कागद तपासताना मोठ्या पडद्याचा खरा फायदा होतो. महाभूलेखवर सातबारा फुकट पाहता येतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपयांत मिळतो, आणि तो कायदेशीर कामाला चालतो. सिटी सर्व्हे झालेल्या भागात मिळकत पत्रिका पाहावी लागते. नागपुरात तर जास्तच दक्ष राहावं लागतं. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ पासूनची, शहराबाहेरचा भाग एनएमआरडीएकडे, आणि जुन्या लेआउटमध्ये गुंठेवारीचा प्रश्न. लेआउट कोणी मंजूर केला, आरएल पत्र आहे का, हे पाहिल्याशिवाय ग्राहकाला साईटवर नेऊच नये.

महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातली घरं-प्लॉट विकायला एजंटलाही महारेराची नोंदणी लागते. कायदा २०१७ पासून लागू आहे. एकट्या व्यक्तीला नोंदणीचं शुल्क १० हजार रुपये, मुदत पाच वर्षं. २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. ती परीक्षा कॉम्प्युटरवरच द्यावी लागते. माउस धरायची सवय नसेल तर मुलांकडून आधी शिकून घ्या, लाजू नका. माझी मैत्रीण अशीच मुलीकडून शिकली. साड्यांखालचा लॅपटॉप शेवटी कामी आला म्हणायचा!

आपली आणि ग्राहकांचीही काळजी

अनोळखी माणसासोबत सामसूम लेआउटमध्ये जायचं असेल तर निघण्याआधी घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवा. ग्राहकाचं नाव आणि नंबर घरी कळवा. ११२ हा नंबर लक्षात असू द्या. तिन्हीसांजेनंतर साईट दाखवायची नाही, असा नियमच करा. खरा ग्राहक दुसऱ्या दिवशीही येतो.

ग्राहकांचे आधार, पॅन आपल्या फोनमध्ये असतात, ती एक प्रकारची ठेवच आहे. फोनला कुलूप हवं, बॅकअप हवा, आणि व्यवहार संपला की नको असलेले कागद पुसून टाकावेत. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो. पैशांची फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करा.

परवा त्या शिक्षिका बाई मैत्रिणीला भेटायला आल्या होत्या. दुसरा प्लॉट त्यांनी तिच्याकडूनच घेतला. जाताना म्हणाल्या, "पोरी, तू कमिशन सोडून मला थांबवलंस ना, म्हणून परत तुझ्याकडेच आली."

मोबाइल पाच वर्षांत जुना होतो. हा विश्वास मात्र जुना होत नाही. तेव्हा फोन जरूर चांगला घ्या, पण सातबारा वाचायची सवय त्याहून आधी लावून घ्या.