गोल्टी कुठे संपते?

हार्बिनची कवटी आणि तिच्या पाठोपाठ युनशियानची कवटी. 2025 मधल्या या दोन्ही बातम्या एव्हाना सगळ्यांच्या वाचून झाल्या असतील. ‘मानवी उत्क्रांतीचा इतिहास बदलणार’ हे वाक्यही. तो इतिहास दर सहा महिन्यांनी बदलतो, त्याचं आता कुणाला फारसं काही वाटत नाही. मी अडलो वेगळ्याच ठिकाणी. युनशियानची कवटी 1990 मध्ये चीनच्या हुबेई प्रांतात सापडली आणि तेव्हापासून ती होमो इरेक्टसची समजली जात होती. दबून वेडीवाकडी झालेली ती कवटी संगणकावर नव्यानं सरळ केली, आणि सप्टेंबरात जाहीर झालं की ती हार्बिनच्या कवटीच्या, म्हणजे ‘होमो लोंगी’च्या घराण्यातली आहे. हाड तेच. दहा लाख वर्षं ते गाळात पडून होतं. मग त्याची जात बदलली कुणी?

याचं उत्तर लासलगावच्या कांदा बाजारात मिळतं असं म्हटलं तर पुरवणीचे संपादक हसतील. हसोत.

लिलावात ट्रॉलीतला वरचा माल बघून बोली लागते. मग ट्रॅक्टर खळ्यावर जातो, कांदा खाली ओतला जातो आणि खरी गंमत तिथं सुरू होते. व्यापाऱ्याचा माणूस ढिगात हात घालतो, चार कांदे वर काढतो. “दादा, खालून सगळी गोल्टीच निघाली की.” शेतकरी त्यातलाच एक उचलून मुठीत धरतो. “ही गोल्टी? हा गोल्टा आहे भाऊ. नीट बघा तरी.” गोल्टी म्हणजे बारीक कांदा, गोल्टा त्याहून जरा मोठा. दोघंही खोटं बोलत नसतात. त्या ढिगात बोराएवढ्या कांद्यापासून दोन्ही हातांत धरावा अशा कांद्यापर्यंत अखंड रांग आहे. गोल्टी कुठे संपते आणि गोल्टा कुठे सुरू होतो, ती रेघ कांद्यावर नसते, बघणाऱ्याच्या डोक्यात असते आणि भाव पडलेले असले की थोडी सरकते. पण त्याच ढिगात चुकून लसणाचा गड्डा आला, तर त्यावर कुणी हुज्जत घालत नाही.

माणसाच्या पूर्वजांच्या जातींचा सगळा वाद इथं येऊन थांबतो: हातात आलेलं हाड हा लसूण आहे की गोल्टी?

शब्दाचा घोळ आधी मिटवू. बालभारतीच्या पुस्तकात ‘जाती’ हा खालचा गट आणि ‘प्रजाती’ त्याच्या वरचा. वर्तमानपत्रं सर्रास उलटं लिहितात. ‘जात’ म्हटलं की आपल्याकडे नको ते आठवतं, म्हणून बहुधा ‘प्र’ लावून सोवळं केलं जातं. मी शाळेतलाच अर्थ धरतो: होमो ही प्रजाती, सेपियन्स ही जाती.

जातीची शाळेत शिकवतात ती व्याख्या अर्न्स्ट मायर यांची, 1942 सालची: जे प्राणी आपापसात प्रजनन करतात आणि इतरांशी करत नाहीत, त्यांची एक जाती. व्याख्या सुटसुटीत आहे, पण आपल्या निफाड तालुक्यातच तिची पंचाईत होते, कारण लसूण पाकळीतूनच लावला जातो, त्याचं कुणाशी जमतंय हा प्रश्नच येत नाही. कवटीचं तर त्याहून अवघड. तिचं कुणाशी जमलं असतं, हे विचारायचं कुणाला? मायर यांनी स्वतः 1950 मध्ये झाडू घेतला. तोवर जो तो आपल्या हाडाला नवं नाव देत सुटला होता. पिथेकॅन्थ्रोपस, सिनॅन्थ्रोपस, मेगॅन्थ्रोपस अशी सगळी नावं त्यांनी मोडीत काढली आणि होमो या एकाच प्रजातीत तीन जाती ठेवल्या. आज पुन्हा डझनावर झाल्या आहेत. व्याख्याही एक राहिली नाही. 1997 मध्ये मेडन या प्राणिशास्त्रज्ञानं जातीच्या 22 वेगवेगळ्या व्याख्या मोजल्या होत्या.

मग 2010 उजाडलं आणि निअँडर्थलचा डीएनए वाचला गेला. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्याचा एक-दोन टक्के अंश निघाला. म्हणजे जमलं होतं, आणि पोरंबाळंही झाली होती. कोविडमध्ये आजार गंभीर होण्याशी जोडलेला तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा निअँडर्थलकडून आलाय, हे 2020 मध्ये दाखवलं गेलं. दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांकडे त्याची निदान एक प्रत आहे. मायर यांची व्याख्या काटेकोर लावली तर निअँडर्थल ही वेगळी जाती उरतच नाही. तरी बहुतेक अभ्यासक तिला वेगळी म्हणतात, कारण कवटीकडे पाहिलं की डोळ्यांना ती वेगळी दिसते. मला यात थोडी लबाडी वाटते. पण डोळे मिटूनही चालत नाही, हेही खरं.

हार्बिनच्या कवटीची गोष्ट याहून मजेदार. 1933 मध्ये पुलाच्या कामावरच्या मजुराला ती सापडली आणि त्यानं ती विहिरीत लपवून ठेवली असं सांगतात. 2021 मध्ये तिला ‘होमो लोंगी’ हे नाव मिळालं. 2025 च्या जूनमध्ये चिआओमेई फू यांच्या गटानं तिच्या दातावर साचलेल्या किटणातून डीएनए काढला, आणि निघाले डेनिसोव्हन! ज्यांची ओळख 2010 पासून करंगळीचा तुकडा, काही दात, जबडा अशा तुकड्यांवरच होती, त्यांना अचानक चेहरा मिळाला. डेनिसोव्हनांना अधिकृत शास्त्रीय नाव कधी दिलंच गेलं नव्हतं. नाव देण्यात जो पहिला त्याचा मान, असा प्राणिशास्त्राचा नियम आहे. त्यामुळे करंगळीही आता होमो लोंगी ठरेल अशी चिन्हं आहेत.

आपल्याकडे अशी कवटी एकच. 5 डिसेंबर 1982 रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना नर्मदाकाठी हथनोरा इथं मिळालेली. कवटीचा वरचा भाग, त्यातही मुख्यतः उजवी बाजू. जबडा नाही, दात नाहीत. सोनकियांनी तिला होमो इरेक्टस नर्मदेन्सिस म्हटलं. केनेथ केनेडी आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये तिला पुरातन सेपियन्समध्ये नेलं. तिच्यातल्या मेंदूचं आकारमान 1155 घनसेंटिमीटर असेल किंवा 1421 ही असेल, एवढा मोठा झोल त्यांच्या अंदाजात होता. पुढे कुणी होमो हायडलबर्गेन्सिस म्हणालं. 2007 मध्ये शीला अत्रेय यांनी तर आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच विचारलं, हायडलबर्गेन्सिस दक्षिण आशियात होता का? हायडलबर्गेन्सिस या खोक्याचीच अवस्था अशी की 2021 मध्ये काही अभ्यासकांनी ते नावच रद्द करा म्हणून मागणी केली. अर्ध्या कवटीवर तीन शिक्के बसले आणि हाडात काडीचा फरक पडला नाही.

जॉर्जियातल्या द्मानिसीला उलटं घडलं. एकाच जागी, साधारण एकाच काळातल्या पाच कवट्या मिळाल्या. एक मोठ्या जबड्याची, इवल्या मेंदूची, दुसरी नाजूक. त्या पाच देशांत पाच जणांना मिळाल्या असत्या तर तीन-चार नव्या जाती नक्की जाहीर झाल्या असत्या. 2013 मध्ये अभ्यासकांनी दाखवलं की त्यांच्यातला फरक आजच्या माणसामाणसांतल्या किंवा चिंपांझींतल्या फरकापेक्षा जास्त नाही. त्यांच्या मते ढीग एकच होता आणि त्यात गोल्टीही होती. मी या बाजूचा आहे, हे आतापर्यंत कळलंच असेल.

निफाड तालुक्यात माणसाचं हाड मिळालेलं नाही, हत्तीचं मिळालंय. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीच्या गाळात सापडलेल्या हत्तीवर जी. ई. पिलग्रिम यांनी 1905 मध्ये लिहिलं, तेव्हा जातीचं नाव देताना ‘अँटिक्वस’ लिहून ‘नॅमॅडिकस’ कंसात टाकलं. युरोपातला सरळ सुळ्यांचा हत्ती आणि आपल्या नर्मदा-गोदावरीचा हत्ती एकच की दोन, याचा निकाल शंभर वर्षांनंतरही सर्वमान्य झालेला नाही. पक्षी बघायला तिथं जाणाऱ्या किती जणांना पायाखालचा हा कंस माहीत असतो?

मेलेल्यांचं जाऊ द्या. जिवंत, समोर बसलेल्या, हातातली पिशवी ओढणाऱ्या प्राण्यांबाबत तरी सारं स्वच्छ असावं ना? मराठीनं एक काम चोख केलंय: माकड वेगळं, वानर वेगळं. लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं ते वानर. विज्ञानातही इथं दोन वेगळ्या प्रजाती आहेत. हा लसूण-कांद्यासारखा फरक, त्यात वाद नाही.

वाद वानराच्या आत आहे. 1797 मध्ये ड्युफ्रेन यांनी बंगालातल्या वानराला ‘एन्टेलस’ म्हटलं आणि पुढे बराच काळ भारतभरचं वानर एकच जाती, पोटजाती अनेक, असं चाललं. 2001 मध्ये कॉलिन ग्रोव्ह्ज यांनी त्याच्या सात जाती केल्या. त्या वाटणीत महाराष्ट्रातल्या बऱ्याच वानरांवर ‘दुसुमिएरी’चा शिक्का बसला. मग बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले प्रवीण कारंथ आणि त्यांचे विद्यार्थी टोळ्यांमागून हिंडले. अंगाचा रंग, डोक्यावरचा तुरा, शेपटीची ठेवण टिपली, नंतर डीएनएही पाहिला. दुसुमिएरी ही वेगळी जाती म्हणून काही टिकली नाही. मधल्या काळात आपल्या वानरांनी हरभरा खाण्यापलीकडे काहीही केलं नव्हतं.

आणि आता शेपटी. मला या सगळ्या प्रकरणात आवडलेला माणूस म्हणजे मिठनलाल रूणवाल, भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे एके काळचे संचालक. वानर चालताना शेपटी कशी धरतं, एवढ्याच प्रश्नामागे ते लागले. उत्तरेकडची वानरं शेपटीची कमान पाठीवरून डोक्याच्या दिशेनं पुढे नेतात, दक्षिणेकडची मागे सोडतात. या दोघांमधली रेघ त्यांना ढोबळमानानं तापी-गोदावरीच्या आसपास मिळाली. माकडांचीही गंमत बघा: उत्तरेचं आखूड शेपटीचं ऱ्हीसस आणि दक्षिणेचं, डोक्यावर भांग पाडल्यासारखे केस असलेलं टोपीवालं माकड, यांची जुनी हद्दही साधारण याच दोन नद्यांच्या पट्ट्यात सांगतात. अलीकडे ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकतंय आणि टोपीवाल्याला मागे रेटतंय, हे 2011 च्या एका पाहणीत नोंदलंय.

म्हणजे आपला नाशिक जिल्हा नेमका बेचक्यात. कळवण-मालेगावकडून गिरणा तापीला जाते, इकडे निफाडातून गोदावरी. वानर इकडचं की तिकडचं, हे नकाशावरून सांगणं कठीणच. तेव्हा येत्या सुट्टीत डोंगरावरच्या एखाद्या देवस्थानी गेलात आणि भिंतीवरून काळतोंड्यांची टोळी चालत निघाली, तर तोंडाकडे नको, शेपटीकडे बघा. पुढे वळलीय की मागे? दोन्ही तऱ्हा एकाच टोळीत दिसल्या तर मला जरूर कळवा. फोटो काढण्याआधी प्रसादाची पिशवी मात्र शर्टाच्या आत घाला.